जीनवाल्या काकांची वीत

जीनवाल्या काकांच्या उजव्या हाताची वीत साडेनऊ इंच भरायची. हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी ती माझ्या शिवणाच्या टेपनं मोजली होती. डावी सव्वानऊ. म्हणून डाव्या हातानं ते कधी माप घेत नसत. "डावा लबाड हाय," म्हणायचे, "पाव इंच खातो."

परभणीत आमचे दोन उंबरे समोरासमोर होते. मधे सहा पावलांची वाट, त्यात एक गटार आणि एक कडुनिंब. पोखर्णीहून लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळी दार उघडलं की पहिल्यांदा काकाच दिसायचे. मांडी घालून बसलेले, दोन्ही गुडघ्यांत चामड्याचा तुकडा धरलेला, तोंडात मेण लावलेला दोरा. दोरा तोंडात असला की ते बोलत नसत, नुसत्या भुवया हलवत. गल्लीतल्या सगळ्यांना त्या भुवया वाचता यायच्या. एक भुवई वर म्हणजे "बस". दोन्ही वर म्हणजे "मग काय झालं पुढं?" आणि दोन्ही खाली म्हणजे "सुमन, पोरीला उचल, आर घेऊन खेळायलीय." आर म्हणजे त्यांची चामड्याला भोकं पाडायची जाड सुई.

त्यांच्या घरात आज्यापणज्यापासून घोड्यांची जीनं व्हायची. निजामाचं राज्य गेलं, घोडदळ गेलं, आणि काका बैलांच्या घुंगरांचे पट्टे, तबल्याच्या वाद्या, पोरांची दप्तरं असलं काहीबाही शिवत बसले. मग गावाबाहेर जनावरांच्या डॉक्टरांचं जे कॉलेज आहे तिथं घोडेपथक निघालं, आणि मेलेला धंदा पन्नाशीला आलेल्या माणसाच्या दारात चालत आला. काका एवढे खूश झाले की त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या चपला त्यांनी फुकट शिवून दिल्या, धड होत्या त्याही.

मीही त्यातच गुंतले. मी गोधड्या शिवायची. काका म्हणाले, "सुमन, घोड्यालाबी गोधडी लागती. जिनाखाली. माणसाच्या गोधडीत गाठ चालती, तो कूस बदलतो. घोड्यानं काय करावं?" गाठ न येता शिवायचं मला त्यांनीच शिकवलं. शिवून झालं की ते गोधडीवरून डोळे मिटून तळहात फिरवायचे. हात कुठं थांबला की मी समजायची, इथं उसवायचं. कधी रागावले नाहीत. हात थांबायचा, बस्स.

त्यांच्या दुकानात एक लाकडी घोडा होता. सागवानी, आज्याच्या वेळचा. त्याला डोकं नव्हतं, शेपूट नव्हतं, नुसती पाठ आणि चार पाय. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. ज्याला जीन करायचं त्यानं आधी त्या घोड्यावर बसायचं असा नियम. काका मग त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारायचे, एक शब्द न बोलता. पाय ठेवायची रिकीब लांब करून बसवायचे, मग आखूड करून बसवायचे, आणि मग ती वीत. कमरेच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत मांडीवर वीत टाकायचे, उरलेलं बोटांनी मोजायचे. मग मांडी आणि लाकूड यांच्यामधे हात सपाट सारायचे आणि म्हणायचे, "आता बस. जोर दे." हाताला काय कळायचं ते त्यांनाच ठाऊक.

एकदा मी विचारलं, "काका, टेप घ्या की माझा. कशाला एवढं चाचपायचं?"

"टेपला लांबी कळती. मांडी गोल हाय का चपटी, ते टेप सांगंल का तुझा? गोल मांडीचा माणूस रुंद जिनावर बसला की त्याचे गुडघे फाकतात. गुडघे फाकले की तो पडतो. हे हाताला कळतं, सुमन. दुसऱ्या कशालाच न्हाई."

मग विलायती जिनाचं सगळं पुराण त्यांनी मला सांगितलं, आणि ते मला आजही पाठ आहे. कॉलेजातल्या पोरांचा जो घोड्याचा खेळ असायचा त्यात तीन कामं. आधी रिंगणात घोडं शिस्तीत चालवून दाखवायचं, तिथं पाय लांब सोडून बसावं लागतं. मग माळावरून ओंडके, बांध, चर ओलांडत पळवायचं, आणि शेवटी मैदानात आडव्या दांड्यांवरून उड्या. तिथं रिकिबी आखूड, गुडघा पुढं. पक्के स्वार प्रत्येक कामाला वेगळं जीन घेतात. शिकाऊ माणसाला एकच मिळतं, त्यामुळे त्याचं जीन निवडणं सगळ्यात अवघड. बाजूचे चामडी पाखे फार सरळ असले तर उडीला गुडघा त्यांच्याबाहेर जातो. फार पुढं काढले तर रिंगणात माणूस खुर्चीत बसल्यासारखा दिसतो. मधलं पाहिजे. आणि मधलं म्हणजे नेमकं किती, ते त्या माणसाच्या मांडीवर ठरतं.

"पयलं जीन म्हणजे चप्पल न्हाई, की चावली तरी घालून घालून सैल करावी," ते म्हणायचे. "पयलं जीन चुकलं की माणूस जन्मभर चुकीचा बसतो. आणि त्याला वाटतं, आपलंच चुकायलंय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर विसरायचं म्हटलं तरी विसरू शकत नाही.

एकदा इंजिनियर साहेबांची मुलगी आली. अठरा-एकोणीस वर्षांची, पँट घातलेली. गल्ली खिडक्यांत जमा झाली. काकांनी तिला लाकडी घोड्यावर बसवलं आणि नेहमीसारखी मांडीवर वीत टाकली. समोरच्या माळीणबाई हाय हाय करून आत गेल्या. मीसुद्धा लाजले. संध्याकाळी मी म्हटलं, "काका, परक्याची पोर ती. लोक काय म्हणतील?"

काका हसले. "माझ्या हाताला बाई कळत न्हाई, बाप्या कळत न्हाई. माप कळतं."

मला केवढा अभिमान वाटला होता त्यांचा! मी ते आमच्या ह्यांना सांगितलं, माहेरी जाऊन सांगितलं.

आणखी एक सांगते, मग मुख्य गोष्टीकडे वळते. सोनपेठकडच्या एका मोठ्या घरी काकांना बोलावणं आलं. जुनी जीनं दुरुस्त करायची होती. काका धुतलेलं धोतर नेसून, हत्यारांची पिशवी घेऊन एस.टी.नं गेले आणि त्याच दिवशी दुपारी परत आले. पिशवी ओट्यावर टाकली आणि बसून राहिले. मी पाण्याचा तांब्या नेला. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला, पण पिईनात.

"काय झालं, काका?"

"पायरीखाली बसवलं. कोनाड्यातला बिनकानाचा कप काढून च्या दिला. पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतलं. चामड्याचा हात ना माझा!" त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. "त्या घरची तीन पिढ्यांची जीनं ह्या हातांनी झालीत, सुमन. त्यावर ते मांड ठोकून बसतात. तवा न्हाई बाटत?"

काम न करताच परत आले होते ते. त्यानंतर त्या घरून दोनदा माणूस आला, काका गेले नाहीत. असा माणूस. म्हणून मला पुढचं जास्त लागलं. ज्याला कधी लागलंच नव्हतं त्याला मी सोडून दिलं असतं.

नामांतराच्या त्या पहिल्या साली, विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तेव्हा, खेड्यांतून जळलेली घरं टाकून माणसं गावात आली होती. शाळेत उतरली होती. काका माझ्याकडे आले, म्हणाले, "गोधड्या किती हायत?" सहा होत्या. त्यांनी स्वतःच्या घरातल्या तीन आणल्या. नऊ गोधड्या आम्ही दोघांनी नेल्या. शाळेच्या फाटकाशी आल्यावर काका म्हणाले, "तू जा आत, दे. मी हितं थांबतो." मी आत गेले, बायकांच्या हातात गोधड्या दिल्या, एक लेकरू माझ्या अंगावर झोपलं. बाहेर आले तर काका सडकेपलीकडं उभे. मला वाटलं, बायका आहेत म्हणून आले नाहीत. माणूस चांगला असला की आपण त्याच्या वतीनं कारणं शोधून देतो.

तीन-चार वर्षांनी उत्तम आला.

उत्तम राणीसावरगावचा. बौद्ध. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, हा आजीजवळ राहून शिकला आणि जनावरांच्या डॉक्टरकीला लागला. लांबलचक पोरगा, बोलायला हळू. घोड्यावर मात्र तो वेगळाच दिसायचा. घोडेपथकाचे उस्ताद फौजेतून आलेले हुसेनभाई. ते काकांच्या ओट्यावर बसून सांगायचे, "नारायणभाई, बहोत लडके देखा मैं. ये लडका घोडे पे बैठता नहीं, घोडे में से उगता है." मैना नावाची एक तांबडी घोडी होती, ती कुणालाच पाठीवर टिकू देत नसे. उत्तमला देत होती.

पौषात कॉलेजच्या मैदानावर शिकाऊ स्वारांचा तीन कामांचा खेळ ठरला. बाहेरगावचे परीक्षक येणार होते. त्यात जो वर येईल तो विभागाच्या संघातून पुढे पुण्याला जाणार. मैनेच्या पाठीला पथकातलं कुठलंच जीन नीट बसत नव्हतं, तिचा मानेच्या बुडाशी असतो तो उंचवटा फार वर होता. म्हणून उस्तादांनी उत्तमसाठी आणि मैनेसाठी मिळून एक जीन मंजूर करून आणलं. उत्तमचं पहिलं जीन.

काकांनी त्यासाठी जे केलं ते आधी सगळं सांगते, नाहीतर माझ्याकडून अन्याय होईल. त्यांच्याकडे जुन्या विलायती जिनांचे तीन सांगाडे होते. एकेक घेऊन ते कॉलेजात गेले. मैनेच्या पाठीवर ज्वारीचं पीठ भुरभुरवलं, त्यावर सांगाडा ठेवला, उचलला, कुठं पीठ दबलं ते वाकून पाहिलं. पहिला उंचवट्यावर टेकत होता. दुसरा दोन टोकांना टेकत होता आणि मधे पोकळ. तिसरा बसला. त्याखालून मागून पाहिलं की आरपार उजेड दिसत होता. तीन दिवस हे चाललं. गाद्यांत भरायला धनगराकडून लोकर आणली, ती मी पिंजून दिली. मैनेच्या पाठीवरून काकांचा हात असा फिरायचा की घोडी डोळे मिटायची.

मग उत्तम मापाला आला. मी समोरच बसले होते, मैनेची गोधडी शिवत. उस्ताद बरोबर होते.

उत्तमनं चपला काढल्या आणि सरळ लाकडी घोड्याकडे निघाला. त्याला नियम माहीत होता, सगळ्या पोरांनी सांगितलेला.

"थांब, थांब," काका म्हणाले. "पाय हालायलाय त्याचा. दुरुस्त करायचाय."

मी वर पाहिलं. आदल्याच दिवशी माझी पोरगी त्यावर तासभर हिंदकळत होती.

काकांनी मेणाच्या दोऱ्याची गुंडी उचलली, हातभर दोरा तोडला आणि उत्तमच्या दिशेनं टाकला. हातात दिला नाही. टाकला. "कमरंपासून गुडघ्यापतूर धर. जिथं गुडघा यील तिथं गाठ मार."

उत्तमनं तो दोरा खाली पडण्याआधी झेलला.  मग ओट्याखाली उभ्या उभ्या, पँटीवरून, स्वतःच स्वतःच्या मांडीवर धरला आणि गाठ मारली. गाठ मारलेला दोरा त्यानं ओट्यावर ठेवला. काकांनी तो दोरा चिमट्यानं उचलला. चामडं पकडायचा चिमटा असतो, त्यानं.

उस्ताद बिडी ओढत होते. ते हळूच म्हणाले, "नारायणभाई, घोडी कू तो तुम तीन दिन देखे. बच्चे कू कब देखेंगे?"

काकांनी दोरा तोंडात धरला. तोंडात दोरा असला की ते बोलत नसत.

आणि मी? मी सुई खाली ठेवली नाही. नऊ गोधड्या पोचवणारी मी, सहा पावलांवर बसून टाके घालत होते. तुम्ही म्हणाल, तू काय करणार होतीस? माझा टेप माझ्या गळ्यात होता. मी उठून म्हणू शकत होते, ये लेकरा, मी धरते. तेवढं पुष्कळ झालं असतं.

जीन झालं. दिसायला असं की कॉलेजची सगळी पोरं बघायला आली. टाके मोत्यांसारखे. उत्तमनं पहिल्यांदा मैनेवर चढवलं तेव्हा काका गेले होते, गोधडी घेऊन मीही गेले होते. घोडीच्या पोटाखालचा तंग काकांनी स्वतः आवळला. उंचवट्याखाली तीन बोटं सारून पाहिली, गादीखाली हात घालून पाहिला. घोडीच्या बाजूनं काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. मग उत्तम बसला आणि काका चार पावलं मागं सरकले.

उत्तमनं दोन फेऱ्या मारल्या, रिकिबी आखूड केल्या, एक लहान उडी मारली आणि जवळ आला.

"काका, गुडघा बाहेर जायलाय पुढून. पाख्याच्या बाहेर."

"नवं हाय," काका म्हणाले. "सवय हुईल."

चप्पल न्हाई, म्हणायचे ना? मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते मैनेच्या मानेवर हात फिरवत होते.

खेळाच्या दिवशी ऊन पडलं होतं. कोरडं खडखडीत मैदान, काळ्या मातीला भेगा. उत्तमचे आईबाप कारखान्यावर होते, येणं शक्य नव्हतं. आजी आली होती, नव्या लुगड्यात, माझ्याजवळच बसली. रिंगणातलं काम उत्तमनं असं केलं की परीक्षक पुढं वाकून पाहायला लागले. पाय लांब सोडून बसायचं होतं, तिथं जिनाची खोट दिसत नव्हती. आजी मला विचारत होती, "पोरगं बरं बसलंय का, बाई? मला काय कळत न्हाई त्यातलं."

"लय छान बसलाय," मी म्हटलं.

मग माळावरचं काम. पहिला ओंडका, दुसरा बांध, तिसरा ओंडका. चौथ्याला उतार होता आणि उताराच्या पायथ्याशी चर. मैना उडाली. मला लांबून एवढंच दिसलं की उत्तमचा गुडघा जिनाच्या पुढून निसटला आणि तो घोडीच्या मानेवरून उजव्या खांद्यावर आपटला. मैना चराच्या पलीकडं जाऊन थांबली. उभी राहून मागं वळून पाहत होती.

खांद्याचं हाड मोडलं. खेळातून बाद.

चहाच्या टपरीवर गर्दी होती. उत्तमला जीपमधे घालून नेलं तेव्हा काका आणि मी तिथं उभे होतो. बाहेरून आलेल्यांपैकी एक जण, चांगला शिकलेला, चष्मा लावलेला, बशीत चहा ओतत म्हणाला, "घोड्यावर बसणं रक्तात लागतं हो. फॉर्म भरून येत नाही ते." चार लोक हसले. दुसरा म्हणाला, "सवलतीत घोडं मिळतं, मांड कुठून मिळणार?" परत हसले.

काकांच्या हातात कप होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. अख्ख्या जिल्ह्यात त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं: पोरगं न्हाई चुकलं, माझं जीन चुकलं. काकांनी चहा संपवला, कप धुवायच्या बादलीत ठेवला आणि म्हणाले, "चल सुमन, ऊन लागायलंय."

पंधरा दिवसांनी उत्तम गल्लीत आला. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या खांद्यावर ते जीन. पथकातून त्याचं नाव काढलं होतं. जीन दुरुस्तीला म्हणून त्यानं उस्तादांकडून मागून आणलं होतं. त्यानं ते ओट्याच्या कडेवर ठेवलं आणि खाली उभा राहिला.

"काका, एकच सांगा. जीन चुकलं का मी चुकलो?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता तो. उद्यापासून स्वतःबद्दल काय मानायचं, ते त्याला त्या उत्तरावर ठरवायचं होतं. वीस-एकवीस वर्षांचं पोर.

काकांच्या तोंडात दोरा नव्हता. मी नीट पाहिलं.

"मैदान ओलं होतं," काका म्हणाले.

उत्तमनं मान हलवली. दोनदा, हळूहळू. मग वळला आणि गेला. गटार ओलांडताना त्याचा तोल जरा गेला, एकाच हातानं सावरावं लागलं. मी दारातच होते. "ये, पाणी पी," असं मी म्हटलं. इतकं हळू की मलाच ऐकू आलं.

ते जीन काकांनी कधी दुरुस्त केलं नाही आणि परतही केलं नाही. उस्ताद एकदा आले, त्यांना काकांनी दुसरं जीन दिलं, नवं, तितकंच देखणं. हे लाकडी घोड्यावर चढवून ठेवलं ते ठेवलं. दसऱ्याला त्याच्याभोवतीनंच हळदकुंकू लावायचे. मी गोधड्या देत राहिले, त्यांचा हात गोधडीवरून फिरत राहिला. आमचं बोलणं कमी झालं नाही, फक्त त्यातून घोडे गेले. एकदा रागाच्या भरात मी म्हणाले, "काका, सोनपेठच्या कपाची गोष्ट सांगा की परत." ते आर घासायला लागले. मग म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?" खरं म्हणजे दोघांनाही सगळं कळत होतं.

माणूस वाईट असता तर सोपं होतं. माझी मोठी तापानं फणफणली तेव्हा रात्रंदिवस ते दारात बसले होते. आमच्या ह्यांची नोकरी जाता जाता राहिली ती त्यांच्या शब्दावर. आणि त्यांनी कुणाचं घर जाळलं नाही, कुणाला शिवी दिली नाही. एक हातभर दोरा टाकला आणि एक वाक्य बोलले. तेवढंच.

आता शेवटचं. चौऱ्याण्णवचा जानेवारी होता. विद्यापीठाला नाव मिळालं होतं नुकतंच, सोळा वर्षांनी. चौकात पोलिसांच्या गाड्या, गल्ली गप्प. नेमकी त्या आठवड्यात माझी म्हैस अडली. सकाळपासून कळा देत होती, रेडकू आडवं. दवाखान्यात पोरगा पाठवला, आणि फटफटीवरून डॉक्टर आले. हेल्मेट काढलं तर उत्तम. अंगानं भरला होता, कानाशी केस पिकलेले.

शर्ट काढून ठेवला, हाताला साबण लावला आणि खांद्यापर्यंत हात म्हशीच्या पोटात घातला. डोळे मिटून चाचपत होता. एका ठिकाणी त्याचा हात थांबला.  अर्ध्या तासात रेडकू बाहेर, जिवंत, चिकट, कान हलवणारं. मी त्याच्या हातावर गरम पाणी घातलं, घरातल्या चांगल्या कपातून चहा दिला. माझ्याशेजारी, माझ्याच ओट्यावर बसून त्यानं तो घेतला. बारा वर्षं उशिरा.

समोर काका दारात उभे होते. सत्तरीच्या आसपास, धोतर सैल पडलेलं, नजर अधू. सगळं पाहत होते. उत्तम फटफटीकडे निघाला तसे ते ओट्यावरून खाली उतरले, गटारापर्यंत आले.

"डॉक्टर," त्यांनी हाक मारली. मग, "उत्तम."

तो थांबला.

"ये की आत, लेकरा. बस घोड्यावर. माप घेतो." आणि त्यांनी उजवा हात पुढं केला. वीत उघडून. अंगठा इकडं, करंगळी तिकडं.

उत्तमनं त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून आत, लाकडी घोड्याकडे पाहिलं, त्यावरच्या जिनाकडे.  मला वाटलं, जाईल. मला वाटलं, जाऊ नये.

"आता कशाचं माप, काका," तो म्हणाला. आवाज तसाच, हळू. "मी घोड्यावर बसत न्हाई आता. मैदान लय ओलं असतं."

किक मारली आणि गेला. धूर निंबाखाली बराच वेळ राहिला.

काका तसेच उभे, हात पुढं, वीत उघडी. मग ते वळले आणि आत गेले. मी इकडून पाहत होते. त्यांनी लाकडी घोड्यावरच्या त्या जिनाच्या पाख्यावर वीत टाकली, वरून खाली. मग पाख्याच्या पुढच्या कडेला बोटं लावली आणि कडेच्या बाहेर, जिथं चामडं नव्हतंच, तिथं हवेत मोजली.

"तीन बोटं," ते म्हणाले. मोठ्यानं, स्पष्ट. "तीन बोटं आखूड हाय."

गल्लीत तेव्हा कुणीच नव्हतं. मी होते आणि माझी म्हैस रेडकाला चाटत होती.